वाचक विचारतात: आयसीयूच्या दाराबाहेर प्रार्थना कशी करायची?

या वेळच्या पत्रांत दवाखानाच जास्त आहे. परीक्षा, नोकरी आणि घराच्या वाटण्यांवरची पत्रं पुढच्या अंकासाठी राखून ठेवली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी पाळक म्हणजे पास्टर नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही. नोकरी नर्सची केली, त्यातली बरीचशी आयसीयूत. निवृत्त झाल्यावर मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, बायकांबरोबर रुग्णांना भेटायला जाते. तेव्हा उत्तरांत पुलपिटापेक्षा (चर्चमधल्या प्रवचनाच्या जागेपेक्षा) वॉर्ड जास्त दिसेल, त्याला इलाज नाही.

प्रश्न: आदरणीय ताई, ख्रिस्तात सलाम. माझे बाबा ब्रेन हॅमरेज होऊन आयसीयूत आहेत, व्हेंटिलेटरवर. मी दिवसभर बाहेरच्या खुर्चीवर असते. संडे स्कूल, युवक संघ, सगळं केलेली मुलगी मी; पण आता डोळे मिटले की एक वाक्य धड जुळत नाही. खरं सांगायचं तर देवाचा राग येतो. मंडळीतले लोक येतात, मोठ्याने प्रार्थना करतात. परवा एक काकू जाताना म्हणाल्या, "विश्वास कमी पडू देऊ नकोस हो, नाहीतर प्रार्थना अडते." तेव्हापासून वाटतं की बाबांचं काही बरंवाईट झालं तर ते माझ्यामुळेच. आई सारखी म्हणते, तू प्रार्थना कर. काय करू? (एक लेक, मार्टिन नगर)

उत्तर: पोरी, आधी काकूंचं बघू. तो काटा निघाल्याशिवाय बाकीचं तुझ्या डोक्यात शिरणार नाही.

मेंदूत रक्तस्राव होतो त्यामागे बहुतेक वेळा वर्षानुवर्षं वाढलेलं बीपी असतं, कधी रक्तवाहिनीला आलेला फुगा असतो. खुर्चीवर बसून तू मनात काय म्हणालीस आणि काय म्हणायचं राहिलं, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. शास्त्राचा आधारच हवा असेल तर बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढ. कफर्णहूमला चार जणांनी एका पक्षाघाती माणसाला खाटेसकट उचलून आणलं, दारात गर्दी म्हणून छप्पर उसकलं आणि त्याला वरून खाली सोडलं. येशूने विश्वास पाहिला तो त्यांचा, असं तिथे लिहिलं आहे. खाटेवरच्याची परीक्षा कोणी घेतली नाही. तुझ्यात आज बळ नसेल तर चार जणांनी तुझ्या वतीने विश्वास धरायचा. मंडळी असते कशाला मग?

बायबलातल्या ईयोबावर संकटांमागून संकटं कोसळली; त्याचे तीन मित्र काकूंना ठाऊक असतीलच. ते आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. त्यांच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम तेच. मग त्यांची तोंडं उघडली आणि तुझंच काहीतरी चुकलं असणार, असं पानामागून पान चाललं. शेवटी देव रागावला तो या तिघांवर. तोंडावर जाब विचारणारा ईयोब खरं बोलला, असं देव म्हणतो आणि त्या तिघांसाठी प्रार्थना करायचं काम त्यालाच देतो. काकू पुन्हा आल्या तर म्हण, "काकू, आज प्रार्थना राहू द्या, आईजवळ थोडा वेळ बसा." वाईट वाटलं तर वाटू दे. त्यांना घरी जाऊन झोप लागते, तुला लागत नाही.

आता राग. बायबलातल्या स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत, त्यातली साधारण तिसरा हिस्सा गाऱ्हाणी आहेत. तेरावं स्तोत्र सुरूच होतं ते देवाला विचारत, की तू मला कुठवर विसरणार. अठ्ठ्याऐंशीवं तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत अंधारातच आहे. उजेडाची एक ओळ जोडून ते गोड करावं असं कोणाला वाटलं नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. आपल्या उपासनेत ही स्तोत्रं फारशी वाचली जात नाहीत. तेवीस, एकशे एकवीस यांच्यावर आपलं भागतं, त्यामुळे रागावून केलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे असं पोरांना वाटत राहतं. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" ही बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे आणि वधस्तंभावर ती येशूच्या तोंडी आली. त्याला चाललं ते तुला का चालू नये?

शब्द जुळत नाहीत म्हणतेस. नको जुळवूस. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल स्पष्ट लिहितो की प्रार्थना काय करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्माच कण्हत आपल्यासाठी मागतो. मूल व्हावं म्हणून मंदिरात प्रार्थना करणाऱ्या हन्नाचे नुसते ओठ हलत होते. एली याजकाला वाटलं बाई प्यायली आहे. आंधळा बार्तीमय रस्त्याच्या कडेला बसून "माझ्यावर दया कर" एवढंच ओरडत होता, आणि आजूबाजूची भली माणसं त्याला गप्प बसवत होती. तू "प्रभू, दया कर" एवढंच म्हण. श्वास घेताना एक शब्द, सोडताना दोन. लिफ्टची वाट पाहताना, औषधाच्या रांगेत, कुठेही.

तेही नको वाटलं तर उसने शब्द घे. येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना पाठ आहेच. तिच्यात आजची भाकर आज मागितली आहे, महिन्याचं राशन मागितलेलं नाही. आयसीयूतले डॉक्टरही पुढच्या चोवीस तासांचंच बोलतात, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तेवढंच मागत जा. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं घरात म्हटली जात असतील तर बाबांच्या आवडीचं एखादं हळू गुणगुण. हा माणूस काही काळ आपल्या नागपुरात राहून गेला आहे आणि 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला, हे आमच्या पिढीला तोंडपाठ असायचं. असो, विषय लांबला.

आत जायला मिळतात त्या पाच मिनिटांचं सांगते. हात धुऊन जा. ज्या हाताला सलाईन किंवा नळी नाही त्या बाजूला उभी राहा. पहिलं वाक्य, "बाबा, मी आले," आणि तुझं नाव. औषधाच्या गुंगीतल्या माणसाला किती ऐकू येतं हे छातीठोकपणे सांगता येत नाही, पण आम्ही नर्सा प्रत्येकाशी ऐकू येतंय असं धरूनच बोलतो. तूही तसंच बोल. मॉनिटरकडे बघत प्रार्थना करू नकोस. आकडा हलला की तुझं चित्त तिकडे जाईल आणि तो आकडा तुला उत्तर देतोय असं वाटायला लागेल. काटोलकडच्या एका आजींना मी पाहिलं आहे. नवऱ्याचा हात हातात घ्यायच्या, करंगळीपासून एकेक पेर हलकेच दाबायच्या आणि दर पेराला प्रभूच्या प्रार्थनेची एक ओळ. आवाज इतका बारीक की पलीकडच्या खाटेवर कळायचंही नाही. प्रार्थना संपली की कपाळावरचे केस मागे सारायच्या आणि निघायच्या. त्यांच्याइतका नेटका व्हिजिटर मला नोकरीत दुसरा मिळाला नाही.

आणि जेव. एलीया संदेष्टा थकून झुडपाखाली पडला, मला मरण दे म्हणाला. देवदूताने त्याला ना बोध केला ना रागावला. उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. देव त्याच्याशी बोलला तो त्याच्या कितीतरी नंतर. आईची आणि तुझी पाळी लावून घ्या, एकीने घरी जायचंच. रात्री मनात भलतेसलते विचार येत असतील तर 14416 हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी टेलिमानस क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. फोन केल्याने विश्वासाला उणेपणा येत नाही.

प्रश्न: माझ्या मिस्टरांच्या ऑपरेशननंतर कुणीतरी त्यांचा नळ्या लावलेला फोटो, आजाराचं नाव, दवाखाना, बेड नंबर, सगळं प्रार्थनेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. ते पुढे चार ग्रुपांवर गेलं. लोक प्रेमाने करतात, बोलायचं कसं? (मेकोसाबाग)

उत्तर: सरळ बोलायचं. "फोटो काढून टाका, प्रार्थना चालू ठेवा." देवाला बेड नंबर लागत नाही. तुमचे मिस्टर बरे होऊन घरी येतील, फोन हातात घेतील आणि स्वतःला तोंडात नळी घातलेल्या अवस्थेत बघतील; फोटो टाकणाऱ्याने एवढा विचार करायला हवा होता. विनंतीत पहिलं नाव आणि "ऑपरेशन झालंय, प्रार्थना करा" इतकं पुरे. घरातल्या एकाच माणसाने रोज संध्याकाळी एक मेसेज टाकावा, म्हणजे दिवसभर "आता कसं आहे" चे फोन येत नाहीत. व्हॉइस नोटवरच्या दहा-दहा मिनिटांच्या प्रार्थना ऐकल्याच पाहिजेत असंही नाही.

प्रश्न: माझ्या भाच्याला लहानपणापासून टाइप वन डायबेटिस आहे. एका सभेत त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, तू बरा झालास असं सांगितलं, आणि बहिणीने कालपासून इन्सुलिन बंद केलं आहे. औषध घेणं म्हणजे अविश्वास, असं ती म्हणते. (कामठी)

उत्तर: छापील उत्तराची वाट पाहण्यासारखा हा प्रश्न नव्हता, म्हणून पत्र मिळताच फोन केला. मुलगा डॉक्टरांकडे गेला आहे, इन्सुलिन सुरू आहे. इतर वाचकांसाठी लिहिते. टाइप वनमध्ये शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही. ते बंद केलं तर एक-दोन दिवसांत जीव धोक्यात येऊ शकतो. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात खोल श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, गुंगी, यातलं काही दिसलं की 108 ला फोन करायचा. प्रार्थना रुग्णवाहिकेत बसून करा.

हिज्कीया राजा मरणाला टेकला होता, भिंतीकडे तोंड करून रडला, देवाने त्याला पंधरा वर्षं वाढवून दिली. आणि त्याच गोष्टीत यशया संदेष्टा सांगतो की त्याच्या गळवावर अंजिराचा लेप लावा. ज्या देवाने आयुष्य वाढवलं त्याच्याच माणसाने लेप सांगितला. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे, असं पौल पत्रात लिहितो. नुसती प्रार्थना कर असं त्याने लिहिलं नाही. औषध बंद करायला लावणाऱ्याचं वय, पोशाख, आवाज काही बघू नका. त्याची गोळी तो स्वतः बंद करतो का, एवढं विचारा.

प्रश्न: माझं माहेर कॅथलिक, सासर सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). सासूबाई फार आजारी आहेत. मी म्हटलं, फादरना किंवा आपल्या पास्टरांना तेल लावून प्रार्थना करायला बोलवू, तर नणंद म्हणाली, "तेल लावलं म्हणजे आटोपलंच समज." आणि कोणाच्या प्रार्थनेला बोलवावं हाही वाद. (सदर)

उत्तर: तेलाबद्दलची ही भीती जुनी आहे, आणि एके काळी तिला कारणही होतं, हा संस्कार अगदी शेवटच्या घटकेला व्हायचा. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्येच स्पष्ट केलं की तो फक्त मरणाच्या दारातल्यांसाठी नाही. गंभीर आजार, मोठं ऑपरेशन, वार्धक्याने आलेला अशक्तपणा, अशा वेळी तो घेता येतो, आणि पुन्हाही घेता येतो. कॅथलिकांत तो धर्मगुरूच देतात. तुमच्या सासूबाई सीएनआयच्या, तेव्हा आधी तुमच्या पास्टरांना बोलवा. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं लिहिलेलं सगळ्यांच्याच बायबलमध्ये आहे. माहेरचे फादर नुसते भेटून प्रार्थना करून गेले तर कोणाचं काय बिघडणार?

वादाचं म्हणाल तर तुम्ही सदरच्याच. तुमच्या त्याच ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र आल्या आणि सीएनआय जन्माला आलं. अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन असे बसून एक झाले. बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी, यासारख्या प्रश्नावरही त्यांनी वाट काढली. नणंद-भावजयींनी एका खाटेपुरतं जमवायला हरकत नाही.

एक नर्सची सूचना. सासूबाईंना ऑक्सिजन चालू असेल तर खोलीत मेणबत्ती, उदबत्ती काहीही पेटवायचं नाही, कितीही लहान असली तरी. तेल मास्कच्या आसपास नको; पास्टरांना आधी सांगितलं तर ते हातावर लावतील.

प्रश्न: आमचा मुलगा गेला. सगळ्या मंडळीने उपास धरले, रात्रभर प्रार्थना केल्या. लोक म्हणतात देवाला तो जास्त आवडला. मग एवढं मागितलं ते कुठे गेलं? मी आता चर्चला जात नाही. (एक वडील, नाव नको)

उत्तर: भाऊ, ते कुठे गेलं हे मला सांगता येणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यापासून जरा लांब राहा. देवाला आवडला म्हणून नेला, हे बोलणाऱ्याला बरं वाटतं. त्यातून देवाचं चित्र कसलं उभं राहतं, याचा विचार कोणी करत नाही.

मला माहीत आहे ते एवढंच की नाकारल्या गेलेल्या मागण्या शास्त्राने लपवलेल्या नाहीत. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा राहिला. दावीद राजा तान्ह्या मुलासाठी जमिनीवर पडून राहिला, अन्नाला शिवला नाही. सातव्या दिवशी मूल गेलं. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूने बापाला म्हटलं, तुला सगळं शक्य आहे, हा दुःखाचा प्याला माझ्यापासून दूर कर. पुढचं वाक्य, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, हे आपण लगेच म्हणून टाकतो. पण आधीचं वाक्य त्याने खरोखर म्हटलं होतं आणि प्याला दूर झाला नाही. त्याचा विश्वास कमी पडला असं कोणी म्हणेल का? तुमचाही पडला नाही.

लाजराच्या कबरेशी मार्था आणि मरीया दोघी एकच वाक्य म्हणतात: प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. ही तक्रारच आहे. येशू त्यांना दटावत नाही. लाजराला उठवायचं त्याच्या मनात आहे, तरी तो आधी रडतो.

चर्चला जायचं नसेल तर सध्या जाऊ नका. पहिल्या नाताळाला आणि ईस्टरला तर बहुतेकांना आत बसवत नाही, दोन्ही वेळा भोवती सगळे नवे कपडे घालून असतात. पण तुमच्या मिसेस जात असतील तर त्यांना अडवू नका, आणि त्यांनी तुम्हाला ओढू नये. पास्टरांना घरी बोलवा आणि सांगा की प्रार्थना नको, नुसता चहा घ्या आणि मुलाबद्दल ऐका. त्याला काय आवडायचं, तो कशावरून भांडायचा, ते बोला. चांगला पाळक असेल तर ऐकेल.

प्रश्न: मी हिंदू आहे. माझा ख्रिश्चन मित्र, त्याच्या मुलाला अपघात झालाय, मेडिकलमध्ये (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) आहे. त्याने घरी प्रार्थनेला बोलावलंय. मी जाऊन काय करायचं? हात जोडायचे, डोळे मिटायचे, आमेन म्हणायचं? चुकलं तर? (मानेवाडा)

उत्तर: जा भाऊ, त्याने मनापासून बोलावलंय. साधारण असं होईल: एखादं गीत, शास्त्रातला एक भाग, मग एक-दोघं आपल्या शब्दांत मोठ्याने प्रार्थना करतील, शेवटी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना. लोक उभे राहिले की उभे राहा, बसले की बसा. हात जोडले तरी चालतं. आमेन म्हणायची सक्ती नाही. मुलाचं नाव घेतलं जाईल तेव्हा तुमच्या मनात तुमच्या देवाला जे सांगायचं ते सांगा, कोणी विचारणार नाही.

मात्र तेवढ्यावर थांबू नका. अपघाताच्या पेशंटला रक्त लागतं. गट विचारून ठेवा आणि ऑफिसातले दोन रक्तदाते तयार ठेवा. मेडिकलच्या व्हरांड्यात गडचिरोलीपासून छिंदवाड्यापर्यंतची माणसं चटया टाकून असतात, तिथे रात्र काढणं सोपं नाही. एक रात्र मित्राला घरी पाठवा आणि तुम्ही थांबा. चटई, पाण्याची मोठी बाटली आणि मोबाइलचा चार्जर घेऊन जा. डबा द्याल तर पोळ्या आणि आलूची कोरडी भाजी, उन्हाचं ताक वेगळ्या बाटलीत. आणि डबा चांगला स्टीलचा देऊ नका. तो धुऊन परत करायची काळजी त्यांच्या डोक्यावर राहते.